हसून झाल्यावर घरात कोण उरतं?

जबलपूरच्या महाराजपुरात माझ्या मामाचं घर आहे. मामाचे आजोबा नोकरीनिमित्त नागपूरहून इकडे आले आणि इथलेच झाले. तेव्हा त्यांना परराज्यात गेल्यासारखं वाटलं नसावं, कारण १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होते. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि पुस्तकांच्या फळीवर दोन्ही, अशी या घराची रीत. त्या फळीवर हिंदी व्यंगलेखक हरिशंकर परसाईंची पुस्तकं अनेक वर्षं आहेत. एका हिवाळ्यात संध्याकाळी वीज गेली, टीव्ही बंद पडला, आणि मी कंदिलाच्या उजेडात परसाईंची ‘भोलाराम का जीव’ ही कथा मोठ्यानं वाचायला घेतली. मामेभावंडं खो-खो हसत होती. मामी वाटाण्याच्या शेंगा सोलत ऐकत होती. कथा संपली, हसणं ओसरलं, आणि मामीनं विचारलं, “पण त्या बाईचं काय झालं रे? तिला पेन्शन मिळाली का शेवटी?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ही कथा मी कितीदा तरी वाचली होती, तिच्यावर बोललोही होतो. पण शेवटी भोलारामच्या बायकोचं काय होतं, ते कथेत सांगितलेलंच नाही, हे तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या प्रश्नानं कथेतल्या उपरोधाकडे बघण्याची माझी रीत बदलली. या लेखात मला जे म्हणायचं आहे, ते मामीच्या त्या प्रश्नातून आलं आहे. कथेतला उपरोध किती धारदार आहे, यावरून त्याची पारख होत नाही. आपलं हसून झाल्यावर कथेच्या घरात कोण उरतं, आणि लेखकानं त्याची आठवण ठेवली आहे का, यावरून ती होते.

आधी कथा सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. भोलाराम हा जबलपूरच्या घमापूर मोहल्ल्यात, नाल्याच्या काठी, दीड खोलीच्या मोडक्या घरात राहणारा सरकारी नोकर. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, पण पेन्शन सुरू झाली नाही. दर दहा-पंधरा दिवसांनी तो अर्ज करत राहिला आणि एक दिवस मेला. पण त्याचा जीव यमदूताच्या हातून निसटला. यमराज चिंतेत, चित्रगुप्ताच्या वह्यांचा मेळ बसेना. शेवटी नारदमुनी शोधासाठी पृथ्वीवर येतात. घमापूरच्या घरी भोलारामची बायको त्यांना भेटते. घरातली भांडी विकून झाली आहेत, आता उपासमार आहे. नवऱ्याला काय आजार होता, असं विचारल्यावर ती गरिबीचाच आजार सांगते. आणि साधूमहाराजांना विनवते की, काही करून त्यांची अडकलेली पेन्शन मिळवून द्या, पोरांच्या पोटाला आधार होईल. नारद कचेरीत जातात. तिथे त्यांना कळतं की भोलारामचे अर्ज आले होते, पण त्यांच्यावर ‘वजन’ ठेवलेलं नव्हतं, म्हणून ते उडून गेले. वजन म्हणजे काय, हे नारदांना उमजत नाही. साहेब त्यांच्या वीणेकडे बोट दाखवतात. वीणा दिल्यावर फाईल मागवली जाते. नारद भोलारामचं नाव मोठ्यानं उच्चारतात, तसा फाईलमधून आवाज येतो. पोस्टमन आला का, पेन्शनचा हुकूम आला का, असं तो विचारतो. नारद म्हणतात, चल, स्वर्गात तुझी वाट बघताहेत. आवाज नकार देतो. त्याचा जीव त्या अर्जांतच गुंतला आहे, ते सोडून तो कुठेही जाणार नाही. कथा इथे थांबते.

आता नीट पाहा. नारद कचेरीत गेले तेव्हा त्यांच्या हाती दोन कामं होती. एक वरून सोपवलेलं, जीव शोधण्याचं. दुसरं घमापूरच्या त्या बाईनं हात जोडून सांगितलेलं. वीणा दिली गेली, फाईल पुढे आली, हुकूम निघायची वेळ आली आणि जीव सापडला. जीव सापडताच नारदांना स्वर्ग आठवतो. नाल्याकाठच्या त्या बाईचं नावही निघत नाही. नारद तिला विसरतात आणि त्यांच्याबरोबर आपणही विसरतो. भोलारामचा जीव मात्र विसरत नाही. मेल्यावरही तो पेन्शनच्या कागदांना चिकटून बसला आहे, तो आणखी कोणासाठी? हसताना आपल्याला ती एका कारकुनाची केविलवाणी आसक्ती वाटते. मामीला तो घरासाठी अडलेला बाप दिसला. एकाच वाक्यात या दोन्ही गोष्टी मावतात, ही परसाईंची करामत आहे. चांगला उपरोध वाचकाला आधी हसवतो आणि मग, तू हसताना काय विसरलास, असं विचारतो.

उपरोधासाठी आपल्या बोलीत असलेले शब्द पाहिले तर एक गोष्ट जाणवते. टोमणा, चिमटा, कोपरखळी, कानपिचक्या, शालजोडीतला, हे सगळे शब्द अंगाला लागणारे आहेत. आपल्या भाषेनं उपरोधाला नेहमीच मार समजलं आहे. शालीत गुंडाळला तरी जोडा तो जोडाच. संस्कृत काव्यशास्त्राची नजर वेगळी होती. काश्मिरी आचार्य कुंतकानं सुमारे हजार वर्षांपूर्वी वक्रोक्तीला काव्याचं जीवितच म्हटलं. निंदेच्या रूपानं स्तुती आणि स्तुतीच्या रूपानं निंदा करणाऱ्या व्याजस्तुतीला तर अलंकारांत मानाची जागा होती. शास्त्रानं वळण पाहिलं, बोलीनं मार पाहिला. कथेचं काम दोन्हींवाचून भागत नाही, पण वळण कळणं सोपं आहे. मार कोणाला लागला, हे पाहायला थांबावं लागतं.

त्यासाठी आपल्याच एका म्हणीचा आधार घेतो. लेकी बोले सुने लागे. कथेतल्या उपरोधाची रचना इतक्या थोडक्यात सांगणारं दुसरं काही मला माहीत नाही. इथे तीन माणसं आहेत. बोलणारी, जिला उद्देशून बोललं ती, आणि जिच्या कानी पडावं म्हणून बोललं ती. कथेतही लेखक पात्राशी बोलतो आणि ते वाचकाला लागतं. परसाई बोलतात नारदाशी, लागतं ते फाईलवर वजन ठेवणाऱ्याला, ठेवून घेणाऱ्याला आणि या दोघांकडे बघून हसणाऱ्याला.

पण या म्हणीत एक दुखरी बाजू आहे. म्हणीतली सून ही घरातली सर्वात दुबळी व्यक्ती. सासू सरळ बोलली तर तिला त्या बोलण्याचा जाब द्यावा लागेल. म्हणून ती लेकीशी बोलते. सुनेनं उलट विचारलं, तर “मी तुला कुठे काय म्हटलं?” असं म्हणायला ती मोकळी. म्हणजे घरगुती वापरातला उपरोध हे बऱ्याचदा बलवंताचं, जबाबदारी न घेता मारायचं हत्यार असतं. साहेब कारकुनाला, शिक्षक मागच्या बाकावरच्या मुलाला, शहरातला गावाकडच्याला असंच बोलतो. आज हातातल्या मोबाइलवर दिवसभर जे टोमणे फिरतात, त्यांतले बहुतेक याच जातीचे आहेत. कोणी चुकीचं इंग्रजी बोललं, कोणी स्वस्तातले कपडे घातले, की झाला विनोद.

परसाईंनी हेच हत्यार उचललं आणि त्याची दिशा फिरवली. जमानी या तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यातल्या गावी २२ ऑगस्ट १९२४ रोजी त्यांचा जन्म झाला. वनखात्यात नोकरी, मग शाळामास्तरकी, मग नोकरी सोडून जबलपुरात केवळ लेखणीवर संसार, असं त्यांचं आयुष्य गेलं. तो संसारही स्वतःचा नव्हता. त्यांनी लग्न केलं नाही, विधवा बहिणीचं कुटुंब सांभाळलं. म्हणजे नवरा गेल्यावर मुलं पोसणाऱ्या बाईचं घर आतून कसं असतं, हे त्यांना कल्पनेनं रचावं लागलं नाही. घमापूरच्या त्या बाईच्या तोंडी त्यांनी घातलेली चार वाक्यं इतकी साधी आणि विनोदापासून अलिप्त का आहेत, याचं उत्तर मला इथे सापडतं. यमदूत, चित्रगुप्त, नारद, साहेब, चपराशी या सगळ्यांवर कथा हसते. त्या बाईवर ती एकदाही हसत नाही. परसाईंच्या उपरोधाला जणू एक उंबरठा आहे आणि दुःखाच्या दारात येताच तो चपला बाहेर काढतो.

त्यांच्या दुसऱ्या प्रसिद्ध कथेत, ‘इन्स्पेक्टर मातादीन चाँद पर’मध्ये, हीच दिशा आणखी स्पष्ट दिसते. भारतातला एक पोलीस अधिकारी चंद्रावरच्या पोलिसांना तपास शिकवायला जातो. रस्त्यात जखमी पडलेल्या माणसाला ज्यानं उचलून मदत केली, त्यालाच तो आरोपी करतो, साक्षीदार उभे करतो आणि शिक्षा घडवतो. परिणाम असा होतो की चंद्रावर कोणी कोणाला हात लावेनासं होतं. बाप मरत असला तरी मुलगा जवळ जात नाही. हसत हसत आपण एका निर्जन रस्त्यावर येऊन पोचतो, जिथे एक जखमी माणूस पडलेला आहे आणि कोणी थांबत नाही. हा रस्ता आपण पाहिलेला आहे. अपघातात मदत करणाऱ्याला पोलिसांनी त्रास देऊ नये म्हणून केलेल्या मार्गदर्शक सूचनांना सर्वोच्च न्यायालयानं २०१६ साली बंधनकारक बळ दिलं. २०१९च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात अशा मदतनिसांच्या संरक्षणासाठी १३४अ हे कलम आलं. कथेमुळे कायदा झाला, असा माझा दावा नाही. पण ज्या भीतीला कायद्यानं फार उशिरा ओळखलं, ती भीती एका कथेनं कितीतरी आधी नेमकी दाखवली होती. ती दाखवताना कथेचा डोळा पोलिसाच्या रुबाबावर होता, तसाच रस्त्यावर पडलेल्या माणसावरही होता.

कोणी म्हणेल, मग कसोटी सोपी झाली. बलवंतावर हसणारा उपरोध चांगला, दुबळ्यावर हसणारा वाईट. मीही काही काळ असंच मानत होतो. पण जगात शेवटी किंमत दुबळाच मोजतो, आणि खरं लिहिणाऱ्या लेखकाला ते लिहावंच लागतं. मग काय करायचं?

अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातलं सोनं’ ही कथा इथे आठवावी. धिप्पाड, ताकदवान भीमा खाणीत दगड फोडून पोट भरत असतो. खाण बंद पडते. पोटासाठी तो प्रेतं उकरून त्यांच्या अंगावरचं सोनं काढू लागतो. एका रात्री प्रेताच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात आणि ती तो कायमची गमावतो. आणि मग बातमी येते की बंद पडलेली खाण पुन्हा सुरू झाली. काम आलं तेव्हा काम करणारी बोटं गेली. दैवानं केलेली याहून क्रूर थट्टा कुठली? इथे तर सगळी किंमत भीमानंच मोजली आहे. तरी ही कथा वाचताना भीमाला कोणी फसवलं किंवा हसलं, असं वाटत नाही. कारण अण्णा भाऊंनी त्या हातांचं मोल आधी आपल्याला दाखवलेलं आहे. डोंगर फोडणारे हात, त्या हातांवर जगणारं घर, काम मागत फिरलेले दिवस, हे सगळं मोजून झाल्यावर ती बातमी येते. त्यामुळे आपण ‘काय योगायोग!’ म्हणत नाही. माणसाला प्रेताच्या जबड्यापर्यंत नेणारी बेकारी आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते.

म्हणून पहिली कसोटी दुरुस्त करतो. किंमत कोणी मोजली, एवढंच पाहून चालत नाही. लेखकानं ती किंमत नोंदवली का, हे पाहावं लागतं. भीमाच्या बोटांची नोंद आहे. भोलारामच्या अर्जांची नोंद आहे. ज्या कथेत अशी नोंद नसते, तिथला उपरोध लेखकाच्या हुशारीचा देखावा होऊन बसतो.

ही नोंद ठेवणं हा रचनेचा भाग आहे, नुसत्या सहानुभूतीचा नाही. मोपासाँची १८८४ सालची ‘हिऱ्यांचा हार’ ही कथा जगभर शिकवली जाते ती तिच्या कलाटणीसाठी. उसना आणलेला हार हरवतो. नवरा-बायको छत्तीस हजार फ्रँकचा नवा हार घेऊन परत करतात आणि दहा वर्षं कर्ज फेडत राबतात. शेवटी कळतं की मूळ हार खोटा होता, फार तर पाचशे फ्रँकचा. बहुतेकांना हा शेवट आठवतो. मला त्याआधीची दहा वर्षं महत्त्वाची वाटतात. भांडी घासून झिजलेली नखं, जिने चढत वाहिलेलं पाणी, बाजारात पै-पैसाठी घातलेली हुज्जत, हे मोपासाँनं सावकाश लिहिलं आहे. ते नसतं तर शेवट कोड्याच्या उत्तरासारखा वाटला असता. फाईलवर वजन नसेल तर अर्ज उडून जातो, असं परसाईंच्या कथेतला बाबू म्हणतो. कथेच्या कलाटणीलाही वजन लागतं, आणि ते जगलेल्या दिवसांचं असतं.

मराठी कथा हा धडा एकदा मोठी किंमत देऊन शिकली आहे. ना. सी. फडक्यांच्या काळात तंत्राला, घट्ट बांधणीला आणि शेवटच्या धक्क्याला इतकं महत्त्व आलं की तो धक्का कुणाच्या आयुष्यावर बसतो आहे, हे पाहायला फुरसत उरली नाही. १९४५नंतर गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांनी नवकथा उभी केली, तेव्हा त्यांनी कलाटणीचा मोह कमी केला आणि विसंगती माणसाच्या आत शोधली. आता दिवाळी अंकांतल्या अनेक कथांत शेवटच्या परिच्छेदात डोळे दिपवायची ती जुनी हौस पुन्हा दिसू लागली आहे. शेवटी कळतं की प्रेमळ मुलगा जमिनीसाठी आला होता, किंवा शिष्ट म्हातारीनं गुपचूप सगळ्यांची फी भरली होती. वाचक ‘वा!’ म्हणतो, पान उलटतो, आणि म्हातारी मागे राहते.

माझ्या म्हणण्याला सर्वात अवघड जाणारी कथा प्रेमचंदांची ‘कफन’ आहे. घीसू आणि माधव हे बाप-लेक झोपडीबाहेर शेकोटीत बटाटे भाजून खात आहेत आणि आत माधवची बायको बुधिया बाळंतवेणांत तडफडते आहे. ती मरते. कफनासाठी गावानं दिलेले पैसे दोघं दारूत आणि जेवणात उडवतात. या कथेची थोरवी शिकवत अनेक पिढ्या गेल्या. पण हिंदीतल्या दलित समीक्षकांनी तिच्यावर आक्षेप घेतला. प्रेमचंदांनी या दोघांची जात सांगून त्यांना असं निर्लज्ज दाखवलं, आणि त्या चित्रणानं समाजाच्या पूर्वग्रहालाच खतपाणी मिळालं, असं त्यांचं म्हणणं. कथेच्या बाजूनं बोलणारे म्हणतात की राबूनही ज्यांच्या हाती काही पडत नाही, अशा समाजात कामचुकारपणा हा शहाणपणा ठरतो, हे प्रेमचंदांनी कथेतच स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे उपरोधाचा रोख गावावर आहे, बाप-लेकावर नाही.

मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसतं, आणि मामीचा प्रश्न इथेही कामी येतो. हसून, हळहळून झाल्यावर कोण उरतं? बुधिया. संपूर्ण कथेत तिला आपलं म्हणणं मांडायला एक वाक्यही मिळत नाही, तिचा फक्त आक्रोश ऐकू येतो. तिची नोंद कथेनं ठेवली आहे, पण दुरून, बंद दाराआडून. म्हणूनच ही कथा आपल्याला अस्वस्थ करते, आणि म्हणूनच आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं खोडून काढता येत नाही. जे दुःख लेखकानं बाहेरून पाहिलं, त्याच्यावर उपरोध बसवताना हात किती जपून चालवावा लागतो, हे ‘कफन’ शिकवते. आणि तेच दुःख आतून लिहिणारा लेखक आला की उपरोधाचं रूप कसं पालटतं, हे बाबूराव बागुल दाखवतात.

‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा बागुलांचा संग्रह १९६३ साली आला. त्यातल्या शीर्षककथेत रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण परगावी राहायला जागा मिळावी म्हणून आपली जात लपवतो. लोक त्याच्या बुद्धीवर, बोलण्यावर लुब्ध होतात, त्याला डोक्यावर घेतात. जात कळते, तसा त्याच हातांनी त्याला मार बसतो. या कथेतला उपरोध शेवटच्या धक्क्यात नाही. तो शीर्षकातल्या ‘चोरली’ या एका शब्दात आहे. ज्याच्याकडून पिढ्यान्‌पिढ्या पाणी, जमीन, अक्षर, मान सगळं हिरावून घेतलं, तो आपलं एक नाव झाकून ठेवतो आणि चोर ठरतो. त्या शब्दाला लेखकानं कुठेही खोडलं नाही, समजावलं नाही. तो तसाच ठेवला, आणि वाचकाला स्वतःच विचारावं लागतं की चोरी नेमकी कोणी केली. आता रोख कुठल्या पात्राकडे नाही. पुस्तक हातात धरणाऱ्याकडे आहे.

इथे एका गंभीर आक्षेपाला उत्तर दिलं पाहिजे. अन्यायाबद्दल सरळ का बोलू नये? आडून बोलणं हा भेकडपणा नाही का? हा प्रश्न मी हलका मानत नाही. पुष्कळदा उपरोध हा बाजू न घेण्याचा सभ्य मार्ग असतो. सगळ्यांवर हसणारा लेखक कोणाच्याच बाजूला उभा नसतो आणि कोणाचाच रोष ओढवून घेत नाही. पण बागुलांना भेकड म्हणायची कोणाची छाती आहे? सरळ विधानाला वाचक सरळ मान डोलावतो. जातिभेद वाईट, लाचखोरी वाईट, हो, वाईटच. मान डोलावली की आपण त्या वाईटाच्या बाहेर उभे आहोत, असा समज पक्का होतो. उपरोध हा समज टिकू देत नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘सुदाम्याचे पोहे’त जुन्या रूढींची बाजू इतक्या आवेशानं मांडली की त्या रूढी मानणाऱ्यालाच आपला युक्तिवाद पोकळ ऐकू यावा. उपदेश ऐकताना माणूस ढाल पुढे करतो. आपलंच बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ढाल उचलायचं त्याला सुचत नाही. थेट निषेधाचं काम उपरोध करत नाही हे खरं, पण निषेध ज्या दारातून आत जाऊ शकत नाही, त्या दारातून तो जातो.

जबलपूरशी नातं असलेला आणखी एक लेखक या संदर्भात मला फार जवळचा वाटतो. गजानन माधव मुक्तिबोध. घरची भाषा मराठी, लेखन हिंदीत. धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध हे मराठीतले कवी आणि समीक्षक. गजानन मुक्तिबोध काही काळ जबलपुरात होते, परसाईंचे मित्र होते, आणि परसाई जबलपूरहून काढत असलेल्या ‘वसुधा’ नियतकालिकात त्यांचं लेखन येत असे. ‘पक्षी और दीमक’ या त्यांच्या कथेत एक गोष्ट येते. आकाशात उडणाऱ्या एका पक्ष्याला खाली गाडीवान दिसतो, तो पंखांच्या बदल्यात वाळवीचे किडे विकत असतो. पक्ष्याला किड्यांची चटक लागते. रोज एक पंख उपटून देता देता त्याचं उडणं संपतं. मग त्याला जमिनीतच किडे सापडतात. तो मेहनतीनं त्यांचा ढीग जमवतो आणि गाडीवानाला म्हणतो, हे घे आणि माझे पंख परत दे. गाडीवान उत्तरतो की तो पंख घेऊन किडे देतो, किडे घेऊन पंख देत नाही. तो निघून जातो, आणि पुढे एक मांजर पक्ष्याला उचलते.

इतकीच गोष्ट असती तर ती पंचतंत्राच्या कुळातली झाली असती. पण मुक्तिबोधांनी ती एका शिकल्या-सवरल्या, सुखवस्तू, तडजोडी करत जगणाऱ्या निवेदकाच्या तोंडी घातली आहे. तो ही गोष्ट आपल्या मैत्रिणीला सांगतो आणि सांगता सांगता स्वतःच घाबरतो, कारण त्यातला पक्षी कोण, हे त्याला कळलेलं असतं. परसाईंचा उपरोध खालून वर जातो. बागुलांचा वाचकावर येतो. मुक्तिबोधांचा सांगणाऱ्यावरच उलटतो. लेकी बोले सुने लागे या म्हणीत चौथी शक्यता नाही, ती इथे आहे. बोलणारीलाच तिचं बोलणं लागलं आहे.

धारवाडात बसून लिहिणाऱ्या जी. ए. कुलकर्णींनी हा उपरोध समाजाच्याही पलीकडे, नियतीपर्यंत नेला. त्यांच्या ‘स्वामी’ कथेतल्या माणसाला एका मठात आदरानं नेलं जातं, स्वामी म्हणून पुजलं जातं, आणि ती पूजाच त्याची कोठडी होते. इथे कोणी दुष्ट नाही. नमस्कार करणाऱ्यांचे हात खरोखर भक्तीनं जोडलेले आहेत. तरी जी. एं.च्या कथेत वाचक वर बसून पात्राची गंमत पाहत नाही, त्याच काळोखात पात्राशेजारी बसतो. जी. एं.चं मोठेपण मला इथे दिसतं. पात्राला ठाऊक नसलेलं वाचकाला ठाऊक असणं, ही उपरोधाची जुनी व्याख्या. पण त्या जास्तीच्या ज्ञानाचं वाचकानं करायचं काय? त्यामुळे तो स्वतःला शहाणा समजू लागला, तर उपरोध फुकट गेला. ते ज्ञान त्याला जड झालं, तर उपरोधानं काम केलं.

आता मामाकडे परत येतो. त्या संध्याकाळी मामा फारसा हसला नव्हता. तो कारकून म्हणून निवृत्त झाला आहे. कुठल्या कचेरीतून, ते महत्त्वाचं नाही. त्याच्याही कागदांना वेळ लागला होता, आणि त्या काळात मामी दुपारी शिवणकाम करत असे. पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नसून हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्याच्या निकालात ठामपणे सांगितलं. निकाल मामाला माहीत आहे. तरी दर नोव्हेंबरात तो हयातीचा दाखला द्यायला जातो, कारण पेन्शनीवर जगणाऱ्याला आपण जगतो आहोत, हे दरवर्षी कागदावर सिद्ध करावं लागतं. आता ते बोटाचा ठसा देऊनही करता येतं, पण मामाच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत, म्हणून तो कागदच नेतो. जाताना खिशात एक झेरॉक्स जास्तीची ठेवतो, असू दे म्हणून.

मामीच्या प्रश्नाला परसाईंनी उत्तर का दिलं नसेल, यावर मी पुष्कळ विचार केला. पेन्शन मिळाली असं लिहिलं असतं तर वाचक निर्धास्त झाला असता. नाही मिळाली असं लिहिलं असतं तर हळहळून मोकळा झाला असता. त्यांनी दोन्ही टाळलं आणि प्रश्न नाल्याकाठच्या त्या घरात तसाच ठेवला. ज्याला तो ऐकू जाईल, त्यानं उचलावा. मला तो इतक्या वाचनांत ऐकू आला नव्हता. पहिल्यांदाच ऐकणाऱ्या, हातात वाटाण्याच्या शेंगा असलेल्या एका बाईला तो लगेच ऐकू आला, कारण ती त्या घरात राहिलेली होती.

कथा लिहिणाऱ्या तरुण मित्रांना मी एवढंच सुचवीन. तुमची उपरोधानं भरलेली कथा पूर्ण झाली की ती आपल्या वर्तुळातल्या हुशार मित्रांना वाचून दाखवू नका. ती जिच्याविषयी आहे, तिच्यासारख्या कुणाला वाचून दाखवा आणि ती कुठे हसते, कुठे गप्प होते, काय विचारते, ते ऐका. तिनं विचारलेल्या प्रश्नाची जागा कथेत सापडली, तर कथा उभी आहे. नाही सापडली, तर पुन्हा लिहायला बसा.

त्या रात्री वीज आली तेव्हा मामीची शेंगांची परात रिकामी झाली होती. तिनं पुस्तक माझ्या हातून घेतलं, शेवटचं पान स्वतः वाचून पाहिलं आणि म्हणाली, “तिलाच कचेरीत जावं लागलं असणार.” मग ते फळीवर जागच्या जागी ठेवून ती स्वयंपाकाला उठली.